याचा मालक कोन?

भाऊंना कुणी मोबाइलवर काही दाखवायला गेलं, की ते चष्मा कपाळावर चढवत, मोबाइल हातात घेत, तो उलटा करून त्याची पाठ बघत आणि विचारत, "याचा मालक कोन?"

"माझाच आहे ना भाऊ," समोरचा म्हणे.

"मोबाइल तुमचा असन जी. ज्याच्या घरी हे फोटू ठेवले, तो मालक कोन?"

एवढ्यावर समोरच्याचा उत्साह संपे आणि फोटो बघायचा राहूनच जाई. माझ्या पुतणीच्या लग्नाचे फोटो मी त्यांना तीनदा दाखवायला नेले. नवरी भाऊंनी शेवटपर्यंत पाहिली नाही. तिला आता दोन लेकरं आहेत.

असा एक माणूस तुमच्याही गल्लीत असेल. नसेल तर देवाचे आभार माना, आणि थोडं वाईटही वाटून घ्या.

मी सिंदेवाहीच्या शाळेत मराठी शिकवून रिटायर झाले. भाऊ आमच्या समोरच्या घरात राहत. टेलिफोन खात्यात लाइनमन होते. निम्मी नोकरी गडचिरोलीच्या जंगलात झाली, त्यातली सहा वर्षं पार सिरोंच्याला, गोदावरीच्या काठावर, जिथे मराठीपेक्षा तेलुगू जास्त चालते. रिटायर झाल्यावर माणसं देवळाच्या ट्रस्टमध्ये शिरतात, मधुमेहावर बोलतात, सुनेच्या चुका काढतात. भाऊंनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी चंद्रपूरहून एक जुना कॉम्प्युटर आणला, त्याचं झाकण काढलं, तो स्वयंपाकघरात तांदळाच्या कोठीवर ठेवला आणि जाहीर केलं, की आजपासून आपल्या गावाचा स्वतःचा सोशल मीडिया सुरू झाला.

जाहीर केलं म्हणजे मला सांगितलं. दुसरं कोणी ऐकायला नव्हतं.

"म्हणजे त्या मोठ्या कंपनीच्या ॲपसारखं?" मी विचारलं.

"तसंच. पन मालक नाई."

"मालक नाही, मग चालवतं कोण?"

"ज्याचं त्यानं."

"वा! म्हणजे आपल्या नगरपंचायतीसारखं."

भाऊंना टोमणा कळत नसे असं नाही. पण खांबावर चढलेला लाइनमन तारेवरच्या कावळ्याकडे बघतो तसं ते त्याच्याकडे बघत आणि आपल्या कामाला लागत.

समजावून सांगायची मात्र त्यांना भारी हौस. "बाई, आपल्या झाडीपट्टीत गावोगावी तलाव हायेत का नाई? वरच्या गावचा तलाव भरला, का सांडव्यावरून पानी खालच्या गावच्या तलावात जाते. तो भरला, का त्याच्या खालच्या. ज्याचा तलाव त्याचा, पन पानी एकमेकाले भेटते. हे तसंच हाये. आपन इथी लिवलं, ते सिरोंच्याले दिसते. नागपूरच्या तलावात दिसते. जर्मनीतई दिसते."

"जर्मनीला सिंदेवाहीचं काय बघायचंय?"

"ते त्यायले इचारा."

आणि जर्मनीने खरंच बघितलं, हे सांगायला मला आजही थोडं जड जातं. भाऊंनी अंगणात वाळत घातलेल्या मोहफुलांचा फोटो टाकला. तिकडच्या कुणा गृहस्थाने विचारलं, या मनुका आहेत का? भाऊंनी लिहिलं, नाही. त्याने विचारलं, मग काय आहेत? या विषयावर दोन देशांत तीन दिवस पत्रव्यवहार चालला. आंतरराष्ट्रीय संबंध इतके गोड मी पुन्हा पाहिले नाहीत.

मी त्या यंत्राचं नाव डब्बा ठेवलं. शब्द माझा नव्हता, माझ्या मायचा होता. माय माझ्याजवळच राहायची, पंचाऐंशीची. रेडिओ, टीव्ही, मोबाइल, जे बोलेल त्याला ती डब्बा म्हणे. तर समोर भाऊंचा डब्बा घरघरत होता. उन्हाळ्यात चंद्रपूर जिल्ह्याचं ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. भाऊंच्या घरी एकच कूलर. तो डब्ब्यापुढे. भाऊ आणि वहिनी बाहेर कडुनिंबाखाली, पंचाने वारा घेत.

"माह्या बाळंतपनात साधा पंखा नाई लावला या मानसानं," वहिनी मला म्हणाल्या होत्या.

सहा महिन्यांत डब्ब्याचे सभासद झाले नऊ. त्यात भाऊ, वहिनी (त्यांना आपण सभासद आहोत हे ठाऊक नव्हतं), मी (भिडेखातर), आणि बाकीचे सहा जण बुद्धविहारातले, ज्यांना रविवारी वंदना संपल्यावर भाऊ दारात आडवे येत. मोठ्या कंपन्यांनी घाबरावं असं अजून काही घडलं नव्हतं.

मग भाऊंनी पाटी लावली. ही पाटी झाडीपट्टीत फक्त एकाच माणसाच्या हातून लागू शकली असती. वेगवेगळे तलाव असे एकमेकांना जोडण्याला त्या धंद्यात फेडरेशन म्हणतात. भाऊंनी ते कुठेतरी वाचलं आणि फाटकावर खडूने, सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'येथे फेडरेशनचे रजिस्ट्रेशन मोफत करून मिळेल.'

आता आमच्याकडे फेडरेशन म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. फेडरेशन म्हणजे सरकारी धान खरेदी. दुसरा अर्थ आमच्या जिल्ह्यात अजून पोचलेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं, तर भाऊंच्या फाटकापासून पिठाच्या चक्कीपर्यंत रांग. प्रत्येकाच्या हातात सातबारा, आधारची झेरॉक्स, बँकेचं पासबुक. दोघांनी तर धानाचा नमुनाही आणला होता, पिशवीत.

भाऊ हरखून गेले. त्यांना वाटलं, अखेर जग जागं झालं.

"सातबारा नाई लागत जी," ते एकेकाला सांगत होते. "नाव सांगा नुसतं. तलावाले सातबारा कायले पाहिजे?"

कागद न मागणारं सरकारी काम आयुष्यात पहिल्यांदा पाहून लोक आणखी घाबरले. दुपारपर्यंत पन्नासवर नावं चढली. शेवटी फेटा बांधलेला एक म्हातारा तावात पुढे आला. "धानाचा बोनस कवा जमा होईन?"

भाऊंनी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि तलाव, सांडवा, सिरोंचा, जर्मनी, सगळं अर्धा तास समजावलं. म्हातारा मान डोलावत होता. शेवटी म्हणाला, "म्हंजे बोनस नाई."

"नाई."

"मंग काऊन बसवलं जी मले?"

मी खिडकीत उभी राहून इतकी हसले, की मायने आतून विचारलं, कोन मेलं? (आमची माय हसण्या-रडण्यात फार फरक करत नसे.)

पण पुढची गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. निम्मे लोक नावं काढून न घेता तसेच राहिले. कुणी लिहिलं, आमच्या धानाच्या बांधीत डुकरं शिरली. कुणी लिहिलं, तलावाच्या पाळीवर वाघाचे पगमार्क आहेत, सकाळी एकटं जाऊ नका. त्या फेटेवाल्या म्हाताऱ्याने तर रोजचा नेम धरला. तो रोज सकाळी एकच ओळ लिहायला लावी: 'बोनस आला नाही.' सिरोंच्याचा एक रिटायर्ड कंपाउंडर, भाऊंचा जुना दोस्त, त्यानेही भाऊंचं पाहून आपल्या घरी असाच डब्बा बसवला होता. तो तिकडून रोज उत्तर देई, 'इकडे पण नाही.' जगात या जाळ्याचा विस्तार कशाच्या बळावर झाला ते विद्वान सांगतील. आमच्याकडे तो न मिळालेल्या बोनसवर झाला.

आता माझ्याबद्दल सांगते, कारण हसणाऱ्याचे दातही मोजले पाहिजेत.

मोठ्या कंपनीच्या ॲपवर माझं पान होतं. झाडीबोलीचे शब्द. मी मायला समोर बसवायची, मोबाइल धरायची आणि ती एकेक शब्द उलगडून सांगायची. पऱ्हे म्हणजे काय, कापलेल्या धानाचा पुंजणा कसा रचायचा, लुचई आणि हिरानक्की या धानाचा भात कसा लागे, रोवण्याला बाया कुठल्या चालीवर गात. लोक वाहवा करत. पुण्याहून बाया लिहीत, 'किती गोड आजी!' माय गोड नव्हती. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या शेवटी ती माझ्यावर खेकसायची. तेवढं मी कापून टाकायची. माझ्या पानावरची माय ऋषितुल्य होती. घरातली माय निराळी होती.

भाऊंनी पहिल्यापासून धोशा लावला होता. "बाई, मायचे बोल आपल्या तलावातई ठेवा ना. तिथचा मालक कोन?"

"भाऊ, तिथे मला हजारो लोक ऐकतात. तुमच्या डब्ब्यात डुकरं शिरल्याच्या बातम्या असतात."

"डुकरं खरंच शिरले होते बाई," भाऊ म्हणाले.

एकदा आषाढात त्यांनी फारच मागे लागून लाज आणली, तेव्हा मी ठरवलं, यांची जिरवायची. मायचं एक न कापलेलं रेकॉर्डिंग माझ्याकडे तसंच पडलं होतं. तेच मी भाऊंच्या डब्ब्यावर चढवलं. त्यात माय पुंजण्याबद्दल दोन वाक्यं बोलते आणि मग तिचा तोल जातो:

"बस झालं गे आता. मास्तरीन झाली तं मायलेच परीक्षेले बसवते का? तोंडाले फेस आला माह्या. चा ठेव. आनं बंद कर तो डब्बा!"

खाली मी लिहिलं, 'भाऊंच्या डब्ब्याबद्दल माझ्या मायचं मत.' आणि स्वतःच्या विनोदावर खूश होऊन झोपले.

भाऊंना राग आला नाही. उलट ते फार आनंदले. म्हणाले, मायचा आवाज कसा खनखनीत आला! दोन दिवसांत माझी एक जुनी विद्यार्थिनी रस्त्यात भेटून म्हणाली, "मॅडम, आजी तुम्हाला पण रागावते?" ती हे बोलली ते वाण्याच्या दुकानात, चारचौघांत. पस्तीस वर्षांची माझी शिस्त डाळ-तांदळासमोर उघडी पडली. मी तरातरा भाऊंकडे गेले.

"आत्ताच्या आत्ता मिटवा ते."

"मालक तुमी, बाई. मिटवा म्हनाल तं मिटवतो." त्यांनी मिटवलं. मग म्हणाले, "इथचं मिटलं. बाकी तलावायले चिठ्ठी गेली, तुमीई मिटवा म्हून. पन सिरोंच्याचा रस्ता पुरानं बंद हाये, लाइनई नाई कालपासून. तिथी चिठ्ठी पोचन का नाई, सांगता येत नाई."

"शाब्बास," मी म्हटलं. "जर्मनीपर्यंत गेलेलं तुमचं जाळं गोदावरीच्या पुरात वाहून गेलं तर."

अशा बिनमालकाच्या जाळ्यांचं पुढे काय होणार, अशी चर्चा चंद्रपूरच्या एका कॉलेजात ठेवली होती. कुणीतरी भाऊंचं नाव सुचवलं. मी सोबत गेले, कारण फजिती जवळून बघायची होती. गळ्यात बिल्ले घातलेली तरुण मंडळी तासभर पडद्यावर बाण आणि वर्तुळं दाखवत होती. भाऊंना दहा मिनिटं मिळाली. त्यांनी तलाव सांगितला. एका बिल्लेवाल्याने उठून विचारलं, "काका, कॉन्सेप्ट छान आहे. पण हे स्केल कसं होणार? कोटी लोक कसे येणार?"

भाऊंनी चष्मा कपाळावर चढवला. "तलावाचा समुंदर करून का करता जी? खाऱ्या पान्यात धान होते का?"

लोक हसले, टाळ्या वाजल्या, आणि जेवणाची सुट्टी झाली. जेवताना सगळ्यांनी भाऊंसोबत फोटो काढले आणि ते मोठ्या कंपनीच्या ॲपवर टाकले.

परतताना बसमध्ये मी विचारलं, "भाऊ, तुम्हाला हा मालकाचा नाद लागला कुठून?"

भाऊंनी खिडकीबाहेर बघत सांगितलं. "आमच्या गावचा तलाव मालगुजाराचा. कागदावर सरकारचा झाला होता, घाटावर त्याचाच होता. वडलायनं छप्पन साली दीक्षा घेतली, पन पान्याले आमाले खालचाच घाट, जिथी ढोरं धुवत. एक दिस माह्या मायनं वरच्या घाटावर घागर बुडवली. एकानं तिले इचारलं, याचा मालक कोन, माहीत हाये का? आनं घागर फोडली. मी सा वरसाचा असन. तिच्या लुगड्याले धरून उभा होतो."

एवढंच. आवाज चढवला नाही. पुढच्या स्टॉपवर त्यांनी भुईमुगाच्या शेंगा घेतल्या आणि निम्म्या माझ्या हातावर ठेवल्या.

आमच्याही गावात घाट दोनच होते. आमच्या घरची घागर वरच्या घाटावर भरत असे. तुमचा घाट कोणता, हे भाऊंनी मला विचारलं नाही. मी शेंगा सोलत राहिले.

माय त्याच वर्षी दिवाळीनंतर गेली. धान घरात आलं, तिने नवा तांदूळ मुठीत घेऊन वास घेतला, आणि आठवड्याने गेली. मला धीर एकाच गोष्टीचा होता, की आवाज आहे. इच्छा झाली की पान उघडायचं आणि ऐकायचं. मोबाइल जुना झाला म्हणून मी तो दुकानात बदलूनही टाकला. म्हटलं, सगळं तर वर आहे. वर म्हणजे कुठे, हे मी शिकलेली बाई असून विचारलं नाही. विचारणारा माणूस समोर राहत होता आणि मी त्याच्यावर हसत होते.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गल्लीतली पोरं पळसाच्या फांद्या घेऊन, रोगराईची मारबत गावाबाहेर हाकलायला ओरडत निघाली. मी फोटो काढला आणि दरवर्षी ओरडतात तेच खाली लिहिलं: खोकला, खरूज, ढेकूण, मच्छर घेऊन जा गे मारबत! दुपारी पान बंद. मोठ्या कंपनीने कळवलं, की मी हिंसेला चिथावणी दिली आहे. तिथे मराठी वाचायला माणूस नसावा, यंत्र असावं, आणि त्या यंत्राने मारबतीतला 'मार' तेवढा वाचला असावा. मारबत नावाच्या कुणा बाईला मी पोरांकरवी मारणार होते म्हणे!

मी अर्ज केला. उत्तर आलं, आपण यंत्र नाही हे सिद्ध करा, चित्रांतले वाहतुकीचे दिवे ओळखा. दिवे ओळखले. पुन्हा अर्ज केला. उत्तर आलं, आपली तक्रार मिळाली. त्यानंतर उत्तर आलं, आपली तक्रार बंद करण्यात आली आहे, आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल? मी हात जोडून, विनम्र, शुद्ध मराठीत लिहिलं की माझ्या मेलेल्या आईचा आवाज तिथे आहे, बाकी सगळं ठेवून घ्या, तेवढा द्या. त्याला उत्तर आलं नाही. महिनाभराने पानच नाहीसं झालं. मग मात्र मी घरात एकटी बसून हंबरडा फोडला. माय पुन्हा एकदा मेली आणि या वेळी तिला मी मारलं, असंच मला वाटत होतं.

भाऊ आले. मी ताठ बसले. मनात म्हटलं, आता विचारतील. त्यांचा हक्कच होता. एवढी वर्षं हसले होते मी त्यांच्यावर, आता विचारा म्हणावं, मालक कोन.

त्यांनी विचारलं नाही. चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. म्हणाले, "बाई, एक तलाव पाहाचा राह्यला."

"कोणता?"

"सिरोंच्याचा. पुरात चिठ्ठी पोचली नसन तं मायचे ते बोल तिथी असन. पन कंपाउंडरचा डब्बा औंदा वीज पडून जळला. फोनई लागत नाई त्याचा. जाऊनच पाहा लागन."

सत्तरी ओलांडलेला माणूस, दोन्ही गुडघे गेलेले, गडचिरोली-आलापल्ली करत सिरोंच्याला निघाला. तो रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी काही सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांचा विश्वास बसणार नाही. तिथला जळका डब्बा चालू करून बघायला पिशवीत स्वतःच्या डब्ब्याचा पॉवर सप्लाय काढून घेतला होता. म्हणजे तीन दिवस आमचं फेडरेशन बंद. फेटेवाला म्हातारा दोनदा येऊन चौकशी करून गेला, की बोनस आला नाही हे आता कुठं लिहायचं.

भाऊ चौथ्या दिवशी दुपारी परतले. धुळीने केस पांढऱ्याचे तांबडे झालेले. खिशातून होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी बाटली काढली. आत कापूस, कापसात पेन ड्राइव्ह. कंपाउंडरचं पॅकिंग. आपला पॉवर सप्लाय भाऊ त्याच्याच डब्ब्याला लावून आले होते, स्वतःसाठी वाटेत गडचिरोलीला दुसरा घेतला होता.

"चिठ्ठी नाई पोचली," भाऊ म्हणाले. इतका आनंदी माणूस मी आपल्या अपयशावर कधी पाहिला नाही. "डब्बा जळला, पन आतली डिस्क जिती होती. त्याच्या घरचे सारे ओळखते मायले. तिट्टे अम्मा म्हनते. तेलुगूत म्हंजे, रागवनारी माय. लेकरू जेवत नसन तं तिचा आवाज लावत."

माझी ऋषितुल्य माय, कापून-तासून गोड केलेली, शंभर रेकॉर्डिंगांत होती. त्यातली एकही उरली नाही. उरली ती मी भाऊंची जिरवायला चढवलेली. भाऊंनी बटण दाबलं. पुंजण्याची दोन वाक्यं, मग "बस झालं गे आता." मागे भांडं पडल्याचा आवाज. "चा ठेव. आनं बंद कर तो डब्बा!" आणि शेवटी माझं हसू. मी तेव्हा हसले होते, हे मला आठवतच नव्हतं.

मी पदर तोंडाला लावून रडले. भाऊ उभेच होते. थोड्या वेळाने मी म्हटलं, "भाऊ, मी तर मिटवायला सांगितलं होतं."

"मालक तुमी, बाई," भाऊ गंभीरपणे म्हणाले. "म्हनाल तं आताई मिटवतो."

"नका मिटवू," मी म्हटलं. "बसा. चहा ठेवते."

भाऊ या उन्हाळ्यात गेले. कूलर शेवटपर्यंत डब्ब्यापुढेच होता. वहिनी म्हणतात, त्यांनी सांगून पाहिलं, ऐकलं नाही. सतराशे कामं मागे ठेवून गेलेल्या माणसाचा चेहरा असतो तसा चेहरा नव्हता, निवांत होता. त्यांच्या भाच्याने मोठ्या कंपनीच्या ॲपवर श्रद्धांजली लिहिली. तिथे भाऊंचं खातं कधी नव्हतं, तरी खाली हजार फुलं पडली. आमच्या तलावात फेटेवाल्या म्हाताऱ्याने त्या दिवशी पहिल्यांदा नवी ओळ लिहायला लावली: 'बोनस आला नाही आणि भाऊ पण गेले.' सिरोंच्याहून कंपाउंडरने भाऊंचाच पॉवर सप्लाय लावून उत्तर दिलं. दुसरं काही नाही, नुसतं 'भाऊ.'

महिन्याभराने वहिनी डब्बा दोन्ही हातांनी उचलून माझ्या दारात आल्या. "तुमीच पाहा आता याचं का कराचं ते. मले याच्यातलं का समजते?"

मला तरी काय समजत होतं! मी तो टेबलावर ठेवला. आणि माझ्याही नकळत चष्मा कपाळावर चढवून मी तो उलटा केला, त्याची पाठ बघायला.

पाठीवर वहीचा कागद चिकटवला होता. वर भाऊंच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'मालक'. खाली बारीक अक्षरात नावं, एकाखाली एक. विहारातले सहा. वहिनी. रांगेतून आलेले, बोनसची वाट बघणारे सगळे. फेटेवाला म्हातारा. शेवटून तिसरी ओळ माझी: 'समोरच्या बाई (आनं त्यायची माय).' मी दोनदा वाचलं. भाऊंचं स्वतःचं नाव कुठेच नव्हतं.

अशा जाळ्यांचं भवितव्य काय, असं परवा त्याच कॉलेजातून मला फोनवर विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही, आमच्याकडे सभासद अडतीस आहेत आणि डुकरं अजून शिरतात.

कूलर आता माझ्या घरी डब्ब्यापुढे असतो. मी कडुनिंबाखाली बसते. दुपारी चहाच्या वेळी मायचा आवाज लावते. ती दोन वाक्यं पुंजण्याचं बोलते, मग खेकसते, बंद कर तो डब्बा. आयुष्यभर तिचं ऐकलं. हे एक ऐकत नाही.